सात बाण आणि वरचा कोपरा

१८१९ सालचे आयोनियन बेटांचे तांब्याचे नाणे पाहा. एका बाजूला पंखवाला सिंह, त्याच्या पंजात सात बाणांची जुडी आणि ग्रीक अक्षरांत ‘आयोनिकोन क्रातोस’, म्हणजे आयोनियन राज्य. नाणे उलटले की बसलेली ब्रिटानिया. सिंह व्हेनिसचा, अक्षरे ग्रीक, मागची बाई इंग्रजांची. या बेटांचा झेंडा वाचायला बसणाऱ्याने आधी हे नाणे बघावे, कारण त्या काळच्या झेंड्यातही हाच मेळ आहे. फरक एवढाच की कापडावर बाईच्या जागी युनियन जॅक येतो, आणि तो मागे लपत नाही. वरच्या कोपऱ्यात, काठीला लागून बसतो.

बेटे सात धरायची रीत आहे: कोर्फू, पाक्सी, लेफ्काडा, इथाका, केफालोनिया, झाकिंथोस आणि किथिरा. पहिली सहा ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्याला धरून वरून खाली आलेली. किथिरा मात्र दूर दक्षिणेला, पेलोपोनीजच्या टोकाखाली एकटे. भूगोलाने ही सात एकत्र येत नाहीत. त्यांना एका दावणीला बांधले व्हेनिसने. कोर्फू १३८६ पासून १७९७ पर्यंत व्हेनिसकडे होते, लेफ्काडा हाती आले ते थेट १६८४ मध्ये. (‘आयोनियन’ म्हटले की अनेकांच्या डोक्यात आशिया मायनरमधले प्राचीन आयोनिया येते. त्याचा इथे संबंध नाही. ग्रीकमध्ये या समुद्राचे नाव ऱ्हस्व ‘ओ’ने लिहितात, त्या प्रदेशाचे दीर्घ ‘ओ’ने. माहितीफलकावर ही अदलाबदल झाली की जाणता ग्रीक माणूस पुढचे वाचतच नाही.)

१८०० साली या सात बेटांचे मिळून एक राज्य झाले. कित्येक शतकांनंतर ग्रीक भूमीवर उभे राहिलेले पहिले स्वराज्य म्हणून त्याचे कौतुक होते. मग पुढचा प्रश्न ओघानेच येतो: त्या राज्याचा झेंडा आज नगरपालिकेच्या इमारतीवर किंवा बंदराच्या धक्क्यावर राष्ट्रध्वजाशेजारी का लावू नये? पूर्वेकडची इद्रा, स्पेत्सेस, प्सारा ही बेटे तुर्कांविरुद्धच्या १८२१ च्या क्रांतीतले आपापले झेंडे मिरवतातच की. आमचे मत याच्या विरुद्ध आहे. सात बेटांचा झेंडा दाखवावा, जरूर दाखवावा. पण भिंतीवर, काचेमागे, सालासकट, आणि तो कोणी कोणाला दिला हे लिहून. काठीवर चढवू नये.

प्साराचा झेंडा आणि सात बेटांचा झेंडा हे एका जातीचे नाहीत, हा सगळ्या मुद्द्याचा गाभा आहे. प्साराच्या पांढऱ्या कापडावर ‘स्वातंत्र्य किंवा मरण’ असे लिहिले होते, ते तिथल्या दर्यावर्दींनी आपल्या जोखमीवर लिहिले, आणि १८२४ मध्ये बेट बेचिराख झाले तेव्हा त्याची किंमतही मोजली. सात बेटांचा झेंडा कोणी उभारला नव्हता; तो मिळाला होता.

कसा मिळाला ते क्रमाने पाहू. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचे प्रजासत्ताक मोडले आणि फ्रेंच सैन्य कोर्फूत उतरले. स्वातंत्र्यवृक्ष लावला गेला, सरदार घराण्यांची नावे असलेले ‘सुवर्णपुस्तक’ जाळले गेले, बेटांचे तीन फ्रेंच जिल्हे झाले. हे दोन वर्षेही टिकले नाही. एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेले रशिया आणि तुर्कस्तान फ्रेंचांच्या भीतीने एक झाले. अ‍ॅडमिरल उशाकोव्हचे रशियन आरमार आणि कादिर बेचे उस्मानी आरमार बरोबरीने आले आणि मार्च १७९९ मध्ये कोर्फूचा किल्ला पडला. आता बेटांचे करायचे काय? झारला ती सुलतानाकडे नको होती, सुलतानाला झारकडे. जुन्या पंचांगाच्या २१ मार्च १८०० रोजी (पश्चिमेच्या पंचांगात २ एप्रिल) कॉन्स्टँटिनोपलला तह झाला आणि ‘सप्तद्वीप प्रजासत्ताक’ जन्मले. नमुना धरला होता एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रागुसाचा: घरात आपला कारभार, डोक्यावर सुलतान.

तहातली कलमे मराठी वाचकाला परकी वाटायची नाहीत. राज्य मांडलिक, सुलतानाला दर तीन वर्षांनी ७५,००० पियास्त्र (तुर्की नाणे) खंडणी, हमी रशियाची. बेटांच्या वतीने बोलणी करायला गेलेल्यांत अंतोनिओ मारिया कापोदिस्त्रियास होते, पुढे ग्रीसचे पहिले राज्यप्रमुख झालेल्या इओआनिस यांचे वडील. झेंडा आणि राज्यघटना, दोन्ही सुलतानाच्या दरबारातून मंजूर होऊन आल्या. पहिल्या घटनेने सत्ता पुन्हा जुन्या सरदारांच्याच हाती दिली. शेतकऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना ते रुचले नाही, बेटाबेटांवर दंगे झाले. १८०१ मध्ये झाकिंथोस तर फुटून निघाले आणि काही काळ तिथे चक्क ब्रिटिश झेंडा फडकला. ‘आपला’ झेंडा येऊन जेमतेम काही महिने झाले होते, आणि एका बेटाला त्यापेक्षा परका झेंडा सोयीचा वाटला! ‘पहिला स्वतंत्र झेंडा’ म्हणणाऱ्यांच्या लिखाणात झाकिंथोसची ही गोष्ट सहसा सापडत नाही.

या राज्यात अभिमान वाटण्यासारखे काही नव्हते असे मात्र नाही. १८०३ ची सुधारलेली घटना, कारभारात ग्रीक भाषेला मिळालेली जागा, राज्यसचिव म्हणून तरुण इओआनिस कापोदिस्त्रियास यांना मिळालेला अनुभव, हे सगळे खरे आहे. १८२८ मध्ये ते ग्रीसचा कारभार हाती घ्यायला आले तेव्हा राज्य चालवणे म्हणजे काय हे ठाऊक असलेले फार थोडे ग्रीक होते, आणि त्यांतले ते एक होते, ते या बेटांमुळे. पण हा मान संस्थांचा आहे, कापडाचा नाही.

कापडाचे काम वेगळे होते. दर्यावर्दी माणसाला बावटा म्हणजे आधी कागदपत्र. गलबत कोणाचे, पकडले तर जाब कोणाला द्यावा लागेल, सामुद्रधुनीतून जाऊ द्यायचे की नाही, हे त्यावरून ठरे. काळ्या समुद्रातून धान्य आणणाऱ्या ग्रीक गलबतांना रशिया-तुर्कस्तानच्या १७७४ च्या तहानंतर रशियन बावटा सोयीचा पडू लागला होता. १८०० नंतर आयोनियन बावटाही तसाच उपयोगी पडला. सुलतानाचे नाममात्र मांडलिकत्व आणि झारची हमी, म्हणजे बोस्फोरसच्या दोन्ही टोकांना ओळख. निळ्या जमिनीवरच्या सोनेरी सिंहाचा अर्थ तांडेलाला पुरेपूर कळत होता, आणि त्यात ‘राष्ट्र’ हा शब्द कुठे येत नव्हता.

१८०७ च्या तिल्झितच्या तहात झारने बेटे नेपोलियनला देऊन टाकली. बेटांना कोणी विचारले नाही. १८०९ पासून ब्रिटिशांनी एकेक बेट घेतले. कोर्फू फ्रेंचांनी १८१४ पर्यंत धरून ठेवले. मग ५ नोव्हेंबर १८१५ चा पॅरिसचा तह आला. या सबंध विषयात एकच कागद वाचायचा असेल तर या तहाचे सातवे कलम वाचावे. त्यात म्हटले आहे की बेटांचा व्यापारी झेंडा सर्व करारकर्ते एका मुक्त आणि स्वतंत्र राज्याचा झेंडा म्हणून मान्य करतील. आणि लगेच पुढे: १८०७ पूर्वीच्या रंगांवर आणि चिन्हांवर, संरक्षणाची खूण म्हणून, ब्रिटनच्या राजाला योग्य वाटतील ते आणखी रंग चढवले जातील. स्वतंत्र म्हणायचे आणि त्याच दमात वर खूण मारायची, हे दोन्ही एका कलमात बसवणारा लेखनिक हुशारच म्हणायला हवा.

१८१७ च्या घटनेने ही खूण कुठे बसवायची ते ठरवले: काठीकडचा वरचा कोपरा. निळी जमीन, लाल काठ, मध्ये सिंह, कोपऱ्यात युनियन जॅक. त्याच घटनेत आणखी एक तरतूद आहे. किल्ल्यांवर रोज ब्रिटिश झेंडाच चढायचा. बेटांच्या चिन्हांचे निशाण वेगळे करून ठेवायचे आणि ते सणासमारंभाच्या दिवशी उभारायचे. ‘स्वतंत्र’ झेंडा समुद्रावर रोजचा आणि जमिनीवर सणासुदीचा! पुण्यात शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला तो १७ नोव्हेंबर १८१७ रोजी, या घटनेला लंडनहून मंजुरी मिळाली त्याच वर्षी. पेशव्यांना वसईच्या तहाने १८०२ मध्ये ‘संरक्षण’ मिळाले होते. त्या शब्दाचे वजन किती असते हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

संरक्षणाचा कारभार कसा होता हे पहिले लॉर्ड हाय कमिशनर, म्हणजे ब्रिटनने नेमलेले कारभारी, टॉमस मेटलंड यांच्यावरून कळते. विधिमंडळ होते, सिनेट होती. शेवटचा शब्द मेटलंड यांचा. १८१८ मध्ये त्यांच्या काळात सेंट मायकेल आणि सेंट जॉर्ज यांच्या नावाचा मानाचा किताब सुरू झाला, तो बेटांतल्या आणि माल्टातल्या बड्यांना आपलेसे करून घ्यायला. पुढे साम्राज्यभरचे मुत्सद्दी तो छातीवर लावून फिरले. १८२१ मध्ये समोरच्या किनाऱ्यावर क्रांती पेटली तेव्हा बेटांना तटस्थ राहण्याचा हुकूम झाला. त्याच बेटांतल्या झाकिंथोसवर, युनियन जॅकचा कोपरा असलेल्या झेंड्याखाली राहून, दिओनिसिओस सोलोमोस यांनी १८२३ मध्ये स्वातंत्र्यस्तोत्र लिहिले. त्याची पहिली कडवी आज ग्रीसचे राष्ट्रगीत आहेत. गायल्या न जाणाऱ्या एका कडव्यात कवी स्वतःच्या बेटांबद्दल लिहितो: प्रत्येकाला मोठ्या कसबाने साखळी घातली आहे आणि कपाळावर खोटे स्वातंत्र्य कोरले आहे. झेंड्याच्या कोपऱ्यावर याहून नेमके भाष्य कोणी केलेले नाही, आणि ते केले बेटावरच्याच माणसाने.

एवढे असूनही तो झेंडा निव्वळ ढोंग होता असे म्हणून मोकळे होता येत नाही. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटन रशियाविरुद्ध उतरले होते. ‘लेउकाद’ नावाचे आयोनियन जहाज शत्रूशी व्यापार केल्याच्या आरोपावरून ब्रिटिशांनी पकडले. १८५५ मध्ये लंडनच्या सागरी न्यायालयात न्यायाधीश लशिंग्टन यांच्यापुढे प्रश्न आला: ब्रिटनने युद्ध पुकारले म्हणजे आयोनियन राज्यही आपोआप युद्धात उतरले का? उत्तर आले, नाही. आयोनियन लोक ब्रिटनच्या संरक्षणाखाली आहेत, पण नेहमीच्या अर्थाने ब्रिटिश प्रजा नाहीत. त्यांच्या वतीने युद्ध पुकारलेले नाही, म्हणून त्यांचा रशियाशी व्यापार गुन्हा ठरत नाही. कोपऱ्यातल्या जॅकने जहाज ब्रिटिश झाले नाही. १८१५ चे कलम मेटलंडसारख्यांना कितीही सोयीचे असो, चाळीस वर्षांनी कोर्टात त्याचा पहिला अर्धा भाग खराच निघाला. आंतरराष्ट्रीय कायद्यात संरक्षित राज्य म्हणजे काय हे सांगताना हा निकाल अजून काढतात. या झेंड्याचा सगळ्यांत मोठा विजय हवा असेल तर तो इथे आहे, पकडलेल्या जहाजाच्या दाव्यात.

आणि तरीही बेटांनीच तो झेंडा सोडला. १८४८-४९ मध्ये केफालोनियात उठाव झाले, ते ब्रिटिशांनी फाशा आणि फटके देऊन मोडले. १८५० मध्ये विधिमंडळात ग्रीसशी विलीनीकरणाचा ठराव पुढे आला, तो मतदानाआधीच अधिवेशन तहकूब करून थांबवला गेला. १८५८ मध्ये ब्रिटिश राजकारणी ग्लॅडस्टन खास कमिशनर म्हणून सुधारणा घेऊन आले. सुधारणा कोणाला नको होत्या. १८५९ मध्ये टपाल तिकिटे निघाली, नारिंगी, निळे आणि लालसर अशी तीन, आणि त्यांवर ना सिंह ना बाण, फक्त राणी व्हिक्टोरियाचे डोके. शेवटी १८६४ मध्ये बेटे ग्रीसला मिळाली. जाण्यापूर्वी ब्रिटिशांनी कोर्फूसमोरच्या विदो बेटावरची तटबंदी सुरुंग लावून उडवली. लोकांनी निळापांढरा ग्रीक झेंडा चढवला. सिंहाचा झेंडा उतरल्याबद्दल कोणी रडल्याची नोंद आमच्या पाहण्यात नाही.

सिंह काठीवर चढवू नये याला एक जवळचे कारणही आहे. १९२३ मध्ये मुसोलिनीच्या आरमाराने कोर्फूवर तोफा डागल्या आणि जवळजवळ महिनाभर बेट ताब्यात ठेवले. १९४१ मध्ये इटालियन पुन्हा आले, आणि या वेळी त्यांनी ही बेटे उरलेल्या ग्रीसपासून वेगळी काढली. तिकिटांवर ‘इझोले योनिए’ असा छाप मारला, १९४२ मध्ये बेटांसाठी वेगळ्या नोटा काढल्या. पुढे बेटे इटलीत सामील करून घ्यायची तयारी होती, आणि आधार होता व्हेनिसच्या चारशे वर्षांचा. म्हणजे तोच सिंह. किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेले सिंह तसेच राहू द्यावेत, ते इतिहासाचे आहेत. काठीवर चढवलेला सिंह मात्र दावा सांगतो, आणि तो दावा कोणाचा, हे प्रत्येक पिढीत बदलत आले आहे.

आता प्रदर्शनासाठी नक्कल करायची झाली तर काय सांभाळायचे, तेही सांगतो, कारण बाजारात मिळणाऱ्या नकला बहुतेक चुकलेल्या असतात.

पहिले म्हणजे कोणत्या सालाचा झेंडा हे ठरवा. १८०० चा आणि १८१७ चा एकमेकांत मिसळू नका. १८०० च्या झेंड्याची चित्रे आपसांत जुळत नाहीत: कुठे लाल काठ आहे, कुठे नाही, कुठे बाण, कुठे भाले, काहींत ग्रीक अक्षरांकांत (अक्षरेच आकडे म्हणून वापरून) साल घातलेले. यांतले एकच ‘खरे’ म्हणून छापू नये. कोणत्या चित्रावरून घेतले ते लिहावे. जुडीतली संख्या मात्र सातच. पाच किंवा सहा दिसली तर कारागिराने जागा वाचवली आहे. (पंजात सात बाण धरलेला सिंह डच प्रजासत्ताकाचाही होता, सात प्रांतांसाठी. सिंहाला पंख आहेत ना, हे एकदा पाहून घ्या.)

दुसरे, सिंहाचे तोंड काठीकडे. झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतो, म्हणून मागच्या बाजूला सिंह उलट फिरतो, तो तिथेही काठीकडेच पाहत राहतो. एकेरी कापडावर छापले तर हे आपोआप होते, पण मग सालाची अक्षरे मागून उलटी वाचावी लागतात. अक्षरे सुलटी हवीत तर दोन कापडे पाठीला पाठ लावून शिवावी लागतात. वजन दुप्पट होते आणि हलक्या वाऱ्यात झेंडा काठीला लोंबकळतो. रंगवलेला सिंह आणखी वाईट: रंगाचा थर कडक होतो, फडफडून घडीवर तडे जातात. काचेमागे ठेवायचा तर यांतले एकही दुखणे उरत नाही.

तिसरे, कोपरा. १८१७ च्या झेंड्यात युनियन जॅक १ जानेवारी १८०१ नंतरचा हवा, म्हणजे आयर्लंडचा लाल तिरका क्रूस असलेला. तो क्रूस मध्यावर नसतो. काठीकडच्या अर्ध्या भागात रुंद पांढरी पट्टी लालच्या वर यायला हवी. ती खाली आली तर जॅक उलटा टांगलेला असतो. झाकिंथोसच्या १८०१ च्या प्रसंगाचे चित्र काढणाऱ्याने याकडे दुप्पट लक्ष द्यावे, कारण जॅक बदलला तो त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी.

चौथे, तारखा. बेटांच्या विलीनीकरणाचा दिवस २१ मे म्हणून पाळतात. तो जुन्या, म्हणजे ज्युलियन, पंचांगाचा आहे. पश्चिमेच्या, म्हणजे ग्रेगोरियन, पंचांगात तोच दिवस २ जून १८६४. एकोणिसाव्या शतकात दोन पंचांगांत बारा दिवसांचे अंतर होते, अठराव्यात अकरा. फलकावर दोन्ही तारखा द्याव्यात, नाहीतर एकच घटना दोनदा घडल्यासारखी दिसते.

फलकावर काय लिहावे? साल. तह कोणात झाला. खंडणी किंवा संरक्षण कोणाचे. गलबतावर लागे की किल्ल्यावर. नक्कल कोणत्या चित्रावरून. एवढ्या पाच ओळी पुरेत.

राहिला प्रश्न आजच्या कारभाराचा. आयोनियन बेटे नावाचा प्रांत आज आहे, त्याचे पाच जिल्हे आहेत, पाक्सी कोर्फूच्या जिल्ह्यात धरलेले. किथिरा त्यात नाहीच. ते अथेन्सच्या, म्हणजे अ‍ॅटिका प्रांताच्या, कारभारात आहे. प्रांताच्या कचेरीवर सात बाणांचा सिंह चढवायचा असेल तर आधी सातवा बाण कोणाच्या दप्तरात ठेवायचा ते ठरवावे लागेल.